कुठल्या ब्रँडचा व्हॅक्यूम क्लीनर जास्त साफ करतो? घरच्या घरी मोजून ठरवा

युरेका फोर्ब्स घेऊ, फिलिप्स घेऊ, तो पिवळा कार्चर घेऊ, इनाल्सा किंवा अगारोपैकी स्वस्तातलं काहीतरी घेऊ की थांबून सरळ डायसनसाठी पैसे साठवू, हा प्रश्न दिवाळी जवळ आली की प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर येतो आणि त्यावर धडाधड उत्तरं पण येतात. अडचण अशी आहे की उत्तर देणाऱ्या बहुतेकांनी आयुष्यात एकच मशीन वापरलेलं असतं. ते मशीन चांगलं की वाईट हे त्यांना सांगता येईल, पण दुसऱ्यापेक्षा चांगलं की वाईट हे कसं सांगणार? तुलना करायची तर दोन मशीन पाहिजेत, आणि दोघांना फरशी तीच, केर तोच, हात तोच पाहिजे. हे घरी करता येतं. किचनमधला डिजिटल वजनकाटा, किलोभर पांढरी रांगोळी, थोडे साबुदाणे आणि एक मोकळी सकाळ एवढं असलं तरी पुरतं.

पहिल्यांदाच मशीन घेणाऱ्यांसाठी लिहितेय म्हणून अगदी सुरुवातीपासून सांगते.

पायरी १ : आपल्याकडे मशीन नक्की कुठे फिरणार?

हे आधी ठरवा, कारण परदेशातले रिव्ह्यू बघून सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. अमेरिकेत घरभर कार्पेट असतं, त्यामुळे तिथली मुख्य टेस्टच कार्पेटची आहे. एएसटीएम एफ ६०८ नावाचं स्टँडर्ड आहे, त्यात १०० ग्रॅम मिश्रण घेतात, ९० ग्रॅम वाळू आणि १० ग्रॅम टाल्क, ते कार्पेटमध्ये दाबून बसवतात आणि मग मशीन किती परत काढतं ते वजन करून बघतात. टेस्ट उत्तम आहे, पण तुमच्या घरात व्हिट्रिफाइड टाइल किंवा शहाबादी फरशी असेल आणि कार्पेटच्या नावाने फक्त पायपुसणं असेल तर त्या टेस्टमधला पहिला नंबर तुमच्या काय कामाचा?

आपल्याकडे रोजचा केर झाडूनेच निघतो, एकतर आपण काढतो नाहीतर मावशी काढतात, आणि व्हॅक्यूम क्लीनर खरा बाहेर येतो तो गाद्या, सोफा, पडदे, स्लायडिंग खिडक्यांच्या पट्ट्या, पलंगाखालचा बॉक्स, माळ्यावरची जळमटं आणि गाडी यासाठी. म्हणून कागदावर लिहून काढा की महिन्यातून किती वेळा कुठल्या कामाला मशीन लागणार. ही यादी शेवटी मार्क द्यायला लागणारे, टाकून देऊ नका.

पायरी २ : बॉक्सवरचे आकडे कसे वाचायचे

दुकानात पहिला आकडा दाखवतात तो वॉटचा. १४०० वॉट, १६०० वॉट, १९०० वॉट. हा आकडा मशीन वीज किती खातं ते सांगतो, केर किती उचलतं ते नाही. याचा सगळ्यात मोठा पुरावा युरोपात मिळाला. तिथे सप्टेंबर २०१४ पासून १६०० वॉटच्या वरच्या व्हॅक्यूम क्लीनरवर बंदी आली आणि सप्टेंबर २०१७ पासून मर्यादा आणखी खाली आणून ९०० वॉटच्या आत केली. पण त्याच नियमात साफसफाईची किमान अटही होती, की कार्पेटवरची किमान ७५ टक्के आणि कडक फरशीच्या फटीतली किमान ९८ टक्के धूळ मशीनने उचललीच पाहिजे. म्हणजे ९०० वॉटच्या आत राहून हे काम होतं आणि कंपन्यांनी ते करून दाखवलं. नोझलचा, म्हणजे केर ओढणाऱ्या तोंडाचा आकार, आतला हवेचा रस्ता आणि मोटर नीट केली की झालं. त्यामुळे वॉट जास्त म्हणून मशीन भारी असं कोणी म्हणालं तर ते मनावर घेऊ नका. वॉटचा उपयोग तुम्हाला एवढाच, की घरातला साधा ६ अँपिअरचा प्लग २३० व्होल्टला १३८० वॉटपर्यंतच पुरतो, त्यामुळे त्यावरच्या मशीनला १६ अँपिअरचा मोठा सॉकेट लागू शकतो आणि तो बेडरूममध्ये आहे का हे आधी बघा. गीझर आणि एसीच्या सॉकेटपासून गादीपर्यंत वायर पोचत नाही हे लोकांना मशीन घरी आल्यावर कळतं.

दुसरा आकडा किलोपास्कल, म्हणजे ओढ. हा मोजतात तेव्हा नळीचं तोंड पूर्ण बंद असतं. शहाळं पिताना स्ट्रॉचं टोक बोटाने दाबून ओढलं तर गालाला खेच जोरात बसते पण तोंडात थेंब येत नाही, तसं हे आहे. तोंड बंद असताना ओढ सगळ्यात जास्त पण हवेचा प्रवाह शून्य, आणि धूळ वाहून नेतो तो प्रवाह. म्हणून दोन्ही पाहिजेत. एकाच वेळची ओढ किलोपास्कलमध्ये आणि प्रवाह सेकंदाला किती लिटर असा घेतला आणि दोघांचा गुणाकार केला की येतो तो एअरवॉट, आणि बॉक्सवरच्या आकड्यांत त्यातल्या त्यात कामाचा हाच. डायसन तो छापते, व्ही १२ ला १५० आणि व्ही १५ ला २४०. पण लक्षात ठेवा, कॉर्डलेस, म्हणजे बिनवायरच्या मशीनचा हा आकडा बूस्ट मोडचा, म्हणजे सगळ्यात जोराच्या सेटिंगचा असतो, आणि बूस्टवर बॅटरी पाच-दहा मिनिटांत संपते. रोज तुम्ही वापरणार मधला मोड, त्याचा आकडा सहसा मोठ्या अक्षरात नसतो.

आपोआप फिरणाऱ्या रोबोट मशीनवाले पास्कलमध्ये बोलतात. ५००० पास्कल ऐकायला प्रचंड वाटतं, पण १००० पास्कल म्हणजे १ किलोपास्कल, म्हणजे हा आकडा ५ किलोपास्कल झाला, आणि वायरवाली साधी मशीन २० किलोपास्कलच्या आसपास असतात. याचा अर्थ रोबोट फालतू असा नाही, त्याचा ब्रश फरशीला अगदी चिकटून असतो आणि तो रोज फिरतो म्हणून तो टाइल छान ठेवतो, फक्त त्याचे आकडे वायरवाल्या मशीनच्या आकड्यांशेजारी ठेवून तुलना करू नका.

पायरी ३ : मशीन रिकामं असताना सगळेच हुशार

हे नीट वाचा, माझ्या मते तुलनेतला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. युरोपात त्या नियमांबरोबर व्हॅक्यूम क्लीनरवर ए, बी, सी असं लेबलही लावत होते, आपल्याकडे फ्रिजवर स्टार असतात तसं. डायसनने त्याविरुद्ध २०१३ मध्ये कोर्टात केस टाकली. म्हणणं असं की टेस्ट करताना पिशवी किंवा डबा रिकामा ठेवतात, पण लोक घरी वापरतात तेव्हा तो रिकामा नसतो, आणि पिशवी भरत गेली की काही मशीनची ओढ कमी होते. २०१५ मध्ये डायसन हरली, मग वरच्या कोर्टाने २०१७ मध्ये केस परत पाठवली, आणि ८ नोव्हेंबर २०१८ ला युरोपियन युनियनच्या जनरल कोर्टाने ते लेबलच रद्द केलं, कारण टेस्ट खऱ्या वापराच्या जवळची नव्हती. २०१९ च्या जानेवारीपासून युरोपातल्या दुकानांतून ते लेबल गेलं. आता डायसन पिशवी नसलेलं मशीन विकते म्हणजे तिचा त्यात फायदा होताच, पण मुद्दा शंभर टक्के बरोबर होता.

म्हणून आपला नियम : फरशीवरची रांगोळीची टेस्ट दोनदा करायची. एकदा डबा किंवा पिशवी रिकामी असताना, आणि एकदा अर्धी भरलेली असताना. अर्धी भरायला दोन-तीन दिवसांचा घरचा कोरडा केर ठेवून द्या, तो दोन्ही मशीनना सारखा वाटून द्या.

पायरी ४ : सामान जमवा

पांढरी रांगोळी घ्या, रंगीत नको, रंग सोफ्यावर आणि फिल्टरवर बसतो. युरोपियन टेस्टमध्ये डोलोमाइट दगडाची पूड वापरतात आणि आपली पांढरी रांगोळी ही पण दगडाचीच पूड, म्हणून घरगुती टेस्टला याहून सोयीची वस्तू नाही. वापरायच्या आधी चाळून घ्या म्हणजे दाणा सारखा राहील. गव्हाचं पीठ, टाल्कम पावडर, सिमेंट, पीओपी यातलं काही घेऊ नका, ते फिल्टरच्या भोकात बसतं आणि मशीन टेस्टमध्येच दमतं. धुनी किंवा उदबत्तीची राख तर अजिबात नको, आत निखारा असला तर पिशवी पेटू शकते. तोंडाला मास्क लावा, खिडक्या उघड्या ठेवा, आणि घरात दम्याचा त्रास असलेलं कोणी असेल तर त्यांना त्या वेळी दुसऱ्या खोलीत बसवा.

रांगोळीशिवाय साबुदाणा (मोठा दाणा), थोडा रवा, कंगव्यातले लांब केस, फरशीवर चौकोन आखायला मास्किंग टेप, सुपली, मऊ ब्रश, काळं सुती कापड आणि पांढऱ्या मलमलचे हातरुमालाएवढे दोन तुकडे.

वजनकाटा १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा असला तरी चालेल. ५० ग्रॅम टाकले आणि काटा १ ग्रॅमने इकडेतिकडे झाला तर तो २ टक्के फरक झाला, म्हणून शेवटी दोन ब्रँडमध्ये दोन-तीन टक्क्यांचा फरक दिसला तर तो फरक नाहीच असं धरा.

दुसरं मशीन कुठून आणायचं? शेजारी, नातेवाईक, ऑफिसातले लोक, विचारा, लोक आनंदाने देतात, बहुतेकांचं मशीन माळ्यावरच असतं. टेस्ट झाल्यावर डबा आणि फिल्टर साफ करून परत द्या म्हणजे झालं. युरेका फोर्ब्स १९८२ पासून घरी येऊन डेमो देण्यासाठी ओळखली जाते, काही बाकीच्या कंपन्याही आता घरी माणूस पाठवतात, डायसनच्या डेमो स्टोअरमध्ये मशीन हातात देतात, क्रोमा किंवा विजय सेल्ससारख्या दुकानात विचारून बघता येतं. नवीन मशीन ऑनलाइन मागवून टेस्ट करून परत करू असा विचार असेल तर आधी परतीचे नियम वाचा, बऱ्याच ठिकाणी बिघाड असल्याशिवाय वापरलेलं मशीन परत घेत नाहीत.

पायरी ५ : फरशीची टेस्ट

मास्किंग टेपने १ मीटर बाय १ मीटरचा चौकोन आखा, त्यात टाइलचे किमान दोन-तीन सांधे आलेच पाहिजेत. मशीनचा डबा फिल्टरसकट काढून वजन करा आणि लिहा. फिल्टर सोडून वजन केलं तर बारीक धूळ हिशोबात येत नाही, ती सगळी फिल्टरवर असते. आता ५० ग्रॅम रांगोळी चहाच्या गाळणीतून चौकोनभर सारखी पसरा. मशीन चालू करून पुढे-मागे असे ठरावीक फेरे मारा, घाई नको, साधारण सेकंदाला अर्धा मीटर. मोबाइलवर सेकंदाचा टिकटिक लावून ठेवलं तर दोन्ही मशीनना वेग सारखा राहतो. शेवटी नोझल वर उचलून दहा सेकंद मशीन तसंच चालू ठेवा, नाहीतर नळीत अडकलेली रांगोळी डब्यात पोचत नाही. परत वजन करा. ५० टाकले आणि ४६ वाढले तर ९२ टक्के. असं तीन वेळा करा आणि मधला आकडा धरा.

ड्रमवाल्या मशीनचा, म्हणजे कार्चर, इनाल्सा, अगारो, अमेरिकन मायक्रोनिक वगैरेंच्या वेट अँड ड्रायचा (ओलं-कोरडं दोन्ही ओढणाऱ्या मशीनचा) डबा किचनच्या काट्यावर मावत नाही. तिथे उलटा हिशोब करा : फरशीवर उरलेलं मऊ ब्रशने सुपलीत भरा, त्याचं वजन करा आणि ५० मधून वजा करा. एका मशीनला ही पद्धत वापरली तर दुसऱ्यालाही हीच वापरा.

आता सांधे बघा. चौकोन गुळगुळीत दिसला तरी मोबाइलचा टॉर्च जमिनीला टेकवून आडवा मारला की सांध्यात उरलेली पांढरी रेघ लगेच दिसते. शहाबादीवर तर फारच दिसते कारण तिचा पृष्ठभाग खडबडीत असतो. कुणाच्या नोझलने सांधे किती रिकामे केले याचा फोटो काढून ठेवा, हे वजनात कळत नाही इतकं थोडं असतं पण दिवाळीला टूथब्रश घेऊन तेच काढत बसावं लागतं.

मग भिंतीची कड. स्कर्टिंगला लागून रांगोळीची सरळ रेघ ओढा, नोझल भिंतीला घासून एकदाच न्या आणि उरलेल्या पट्टीची रुंदी शाळेच्या पट्टीने मोजा. काही नोझल अर्धा सेंटीमीटर सोडतात, काही दोन सेंटीमीटर.

साबुदाण्याची टेस्ट वेगळी करा, आणि ही बघायला जास्त मजा येते. काही नोझलची पुढची कड जमिनीला टेकलेली असते, ती दाणे आत घेतच नाही, पुढे ढकलत नेते. कडक ब्रशचा रोलर जोरात फिरणारी मशीन दाणे मागे उडवतात, तुमच्या पायाला लागतील. मऊ कापडी रोलर असलेली डोकी, डायसनची किंवा ड्रीमी-शाओमीची असतात तशी, दाणे आणि बारीक धूळ दोन्ही आत ओढतात, गुळगुळीत फरशीला ती चांगलीच. ड्रमवाल्या मशीनचं साधं नोझल ढकलत असेल तर एक उपाय आहे, नोझलवर पायाने दाबायचं बटण असतं त्याने खालच्या ब्रशचे केस आत-बाहेर होतात, ते बाहेर काढले की नोझल थोडं वर उचललं जातं आणि दाणे आत जायला जागा मिळते. एका मशीनला ब्रशचे केस बाहेर आणि दुसऱ्याला आत असं ठेवून तुलना केली तर ती तुलना नाही.

केसांची टेस्ट सोपी. पंधरा-वीस लांब केस टाका, दोन फेरे मारा, मशीन बंद करून प्लग काढा आणि रोलर उलटा करून किती केस गुंडाळलेत ते मोजा. घरात कुत्रा-मांजर असेल तर ही टेस्ट सगळ्यात वर ठेवा. ज्यांच्या नोझलमध्ये फिरता रोलरच नाही त्यांना गुंडाळायचा प्रश्न नाही, पण गालिच्यावरून केस सुटतात का ते बघा.

पायरी ६ : गादी आणि सोफा

१९०१ मध्ये इंग्लंडमध्ये ह्युबर्ट सेसिल बूथने व्हॅक्यूम क्लीनर बनवायच्या आधी काय केलं होतं माहितीये? हॉटेलातल्या खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवला, त्यावर तोंड लावून हवा ओढली, आणि रुमालाच्या खालच्या बाजूला धुळीचा डाग आला. तीच टेस्ट आपण करायची, तोंडाऐवजी मशीनने.

नळी आणि गादीच्या नोझलच्या मध्ये मलमलचा तुकडा ताणून अडकवा. गादीच्या उभ्या दोन बाजू करा, डावी आणि उजवी. आता इथे एक गोष्ट समजून घ्या, कारण डेमोमध्ये नेमकं याच ठिकाणी लोक फसतात. तुम्ही तुमच्या जुन्या मशीनने गादी साफ करता, मग डेमोवाला त्याच जागी त्याचं मशीन फिरवतो आणि कापडावर आलेली धूळ दाखवून म्हणतो, बघा तुमच्या मशीनने हे सगळं सोडलं होतं. पण कुठल्याही गादीतून एका फेरीत सगळी धूळ निघतच नाही, दुसऱ्या फेरीत काहीतरी निघणारच, भले मशीन कुठलंही असो. तुमचं जुनं मशीन परत फिरवलं तरी कापड काळं होईल. डेमोवाल्याला तेच करायला सांगा, क्रम उलटा करून.

म्हणून घरी करताना डाव्या बाजूवर आधी पहिलं मशीन आणि मग दुसरं, उजव्या बाजूवर आधी दुसरं आणि मग पहिलं. प्रत्येकाला सारखा वेळ, समजा एक मिनिट. प्रत्येक वेळी कापड बदला किंवा झटकून धुऊन वाळवा. मग बघा, दुसऱ्या नंबरावर आलेलं कुठलं मशीन पहिल्याच्या मागे जास्त धूळ काढतंय. दोन्ही बाजूंना एकच मशीन वरचढ निघालं तर ते खरंच वरचढ, आणि प्रत्येक वेळी मागून येणाऱ्याला सारखीच थोडी धूळ मिळाली तर दोघं बरोबरीत.

गादीवर आणखी एक होतं. ओढ फार जास्त असेल तर नोझल कापडाला चिकटून बसतं, हलवताच येत नाही, आणि मग आपण हँडलवरची हवेची खिडकी उघडतो. तेव्हा ती सगळी जास्तीची ओढ वायाच जाते. मशीन हातात धरून सलग दहा मिनिटं गादी करून बघा, कॉर्डलेसमध्ये मोटर आणि बॅटरी हातातच असते, मनगट दुखायला लागलं तर आईंना किंवा सासूबाईंना ते मशीन झेपणार नाही हे आत्ताच कळेल.

पायरी ७ : मागून बाहेर काय येतंय

जे आत ओढलं ते बाहेर फेकलं तर साफसफाई कसली? खोलीत अंधार करा, मशीनच्या एक्झॉस्टसमोर, म्हणजे हवा बाहेर पडते त्या जागेसमोर टॉर्च आडवा धरा आणि थोडी रांगोळी ओढा. झोतात धूळ चमकताना दिसली तर फिल्टर किंवा त्याची सील गळतेय. काळं कापड एक्झॉस्टपासून वीतभर अंतरावर धरलं तरी कळतं. युरोपात २०१७ पासून बाहेर पडणारी धूळ आत घेतलेल्याच्या १ टक्क्याहून जास्त नको आणि आवाज ८० डेसिबलच्या आत हवा असा नियम आहे, तोच आपण मापदंड धरू शकतो.

बॉक्सवर हेपा (अगदी बारीक कण अडवणारा फिल्टर) लिहिलेलं असतं ते नीट वाचा. एच १३ असा वर्ग लिहिला असेल तर त्याला अर्थ आहे, तो फिल्टर अडवायला सगळ्यात कठीण आकाराचे कणही ९९.९५ टक्के अडवतो. नुसतं हेपा टाइप किंवा हेपासारखा असं लिहिलेलं असेल तर ते काहीच सांगत नाही. आणि फिल्टर चांगला असून डब्याच्या झाकणातून हवा गळत असेल तर फिल्टरचा उपयोग नाही, म्हणून टॉर्चची टेस्ट करायचीच.

पायरी ८ : अर्धं भरून परत

आता डबा अर्धा भरा आणि पायरी ५ मधली रांगोळीची टेस्ट परत करा. इथे प्रकारानुसार फरक दिसतो. फिलिप्स पॉवरप्रो किंवा डायसनसारख्या सायक्लोनवाल्या मशीनमध्ये धूळ फिरून डब्यात बाजूला पडते, त्यामुळे डबा भरल्याने ओढ फारशी कमी होत नाही, पण फिल्टर महिनोन्‌महिने धुतला नाही तर होते. पिशवीवाल्यांत हवा पिशवीच्या कापडातूनच जाते, भरत जाईल तसा रस्ता अरुंद होतो. ड्रमवाल्यांत पिशवी न लावता बारीक धूळ ओढली तर सगळी धूळ थेट आतल्या फिल्टरवर बसते आणि मशीन लवकर दमतं, म्हणून घरात इंटीरियरचं किंवा रंगाचं काम झाल्यावरची धूळ काढायची असेल तर ड्रममध्ये पिशवी लावूनच काढा. आणि हे काम सायक्लोनवाल्या महागड्या कॉर्डलेसने करूच नका.

पावसाळ्याचं वेगळं सांगते. धुवायचा फिल्टर बसवायच्या आधी पूर्ण कोरडा लागतो, सहसा २४ तास तरी लागतात, पण कोकणात किंवा गोव्यात जुलै महिन्यात २४ तासात रुमाल वाळत नाही तर फिल्टर कुठून वाळणार. ओला फिल्टर बसवला तर ओढ पडते, कुबट वास येतो, धूळ चिखल होऊन चिकटते. तिकडे राहणाऱ्यांनी दोन फिल्टर ठेवा किंवा सरळ पिशवीवालं मशीन घ्या, पिशवी फेकली की काम झालं.

रोबोटची टेस्ट

रोबोटला आपण फेरे मारायला लावू शकत नाही, म्हणून त्याला पूर्ण खोली द्या. ५० ग्रॅम रवा खोलीभर पसरा, त्यातला थोडा कोपऱ्यात आणि पलंगाखाली, एक फेरी पूर्ण होऊ द्या आणि उरलेला झाडून वजन करा. गोल रोबोट कोपऱ्यात शिरत नाही आणि बाजूचा ब्रश जोरात फिरला की दाणे उडवतो, दोन ब्रँडमध्ये खरा फरक बहुतेकदा इथेच दिसतो, पास्कलमध्ये नाही. उंबरठे मोजा, बरेच रोबोट साधारण २ सेंटीमीटरच चढतात. जमिनीवर चार्जरच्या वायरी, पायपुसणं आणि चपला असतील त्या स्थितीतच टेस्ट करा, कारण रोज तसंच असणार आहे.

पायरी ९ : मार्क द्या

पहिल्या पायरीची यादी आता काढा. गादी-सोफा तुमचं निम्मं काम असेल तर त्या टेस्टला १०० पैकी ५० मार्क, खिडक्या-कोपऱ्यांना २०, फरशीला २०, एक्झॉस्टला १०, असं तुमच्या घराप्रमाणे वाटा. माझ्या घरी कार्पेट नाही म्हणून मी कार्पेटला शून्य देते. मशीनचे अर्धे भरल्यानंतरचे आकडे धरा, रिकाम्याचे नाही.

मग पैशाचा हिशोब. वर्षभरात पिशव्या किती लागतील आणि तुमच्या गावात मिळतात का, फिल्टर केवढ्याला, कॉर्डलेसची बॅटरी बदलायला किती आणि ती आपण घरी बदलू शकतो की सर्व्हिस सेंटरला द्यावी लागते. नाशिक-सांगलीत राहणाऱ्याने सर्व्हिस सेंटर जिल्ह्यात आहे का हे फोन करून विचारावं, वेबसाइटवरचा पत्ता पुरेसा नाही. साफसफाईत पाच टक्के मागे असलेलं पण पिशवी चौकात मिळणारं मशीन मी तरी पुढे ठेवीन, कारण पिशवी संपल्यावर बंद पडलेलं मशीन शून्य टक्के उचलतं.

मशीन घरी आलं की फरशीची टेस्ट पहिल्याच आठवड्यात एकदा करा आणि आकडा तारखेसकट वॉरंटी कार्डाच्या मागे लिहा. सहा महिन्यांनी फिल्टर साफ करून तीच टेस्ट परत करा. आकडा दहा टक्क्यांहून जास्त खाली आला असेल तर आधी नळी वाकवून कुठे भेग पडलीये का बघा, मग नोझलखालची रबरी पट्टी झिजलीये का बघा, मग डब्याच्या झाकणाची सील, आणि हे तिन्ही ठीक असेल तरच सर्व्हिसवाल्याला बोलवा आणि दोन्ही आकडे त्याला दाखवा.